‘इलेज’, ‘व्हिलेज’ आणि आपले कान

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर एआयवर बोल.’ मी म्हटलं, एआयवर आजकाल रिक्षावालेसुद्धा बोलतात आणि माझ्यापेक्षा बरं बोलतात. त्यापेक्षा मला एका जुन्या गोष्टीवर बोलायचंय. ती याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, पाचवीच्या वर्गात घडली. तिचा अर्थ मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

ते साल १९९०. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून, म्हणजे आपण शाळा सोडून गेल्यावर. त्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षी आपल्यासमोर पहिल्यांदा इंग्रजी वाचनमाला आली. आठवतंय ना, आपण काय करायचो? प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहायचो. ‘दिस इज अ कॅट.’ बाई म्हणायच्या, पुस्तक घाण करू नका. आपण हळूच लिहायचो आणि तपासणीच्या दिवशी खोडरबर फिरवायचो. ही पेन्सिल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके दिवशी बाईंनी मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राला वाचायला उभं केलं. तो खारबावकडून यायचा. घरी आगरी बोली. धड्यात गावाबद्दलचं वाक्य होतं आणि तो मोठ्यांदा म्हणाला, ‘माय इलेज.’ सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पहिल्या बाकावरची, हुशार म्हणवणारी. मी उभी राहून म्हटलं, ‘बाई, ह्याने व्ही खाल्ला!’ वर्ग परत हसला. तो खाली बसला.

आज त्याला विचारूनच मी हे सांगते आहे. त्याचं नाव घेणार नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कळलंच असेल, आणि तो स्वतः तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे.

माझी पाळी आली २००२ मध्ये. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, कॅम्पस इंटरव्ह्यू. लेखी परीक्षेत मी वर होते. मुलाखतीत प्रोग्रामिंगमधला ‘व्हेरिएबल’ हा शब्द दर दुसऱ्या वाक्याला येत होता. समोरच्या गृहस्थांनी मला थांबवलं आणि तो शब्द परत म्हणायला सांगितला. मी म्हटला. पुन्हा सांगितला. पुन्हा म्हटला. ते शेजारच्याकडे बघून हसले. मला कळेना, मी चुकते आहे कुठे. मला माझा शब्द आणि त्यांचा शब्द अगदी एकसारखा ऐकू येत होता. नोकरी मिळाली नाही. ‘कम्युनिकेशन’ कमी पडलं म्हणे. पुढे दुसरीकडे मिळाली, रडगाणं नाही. पण त्या हसण्याचा आवाज मला ओळखीचा वाटला होता. तो पाचवीतला माझाच आवाज होता.

आणखी काही वर्षांनी एका अमेरिकन सहकारी बाईंबरोबर मी काम करत होते. आमच्या मीटिंगचं सगळं बोलणं एक यंत्र आपोआप टाइप करायचं. प्रोग्रामिंगमध्ये ‘थ्रेड’ म्हणून एक गोष्ट असते. भिवंडीच्या मुलीला धागा काय सांगायचा! तर मी ‘थ्रेड’ म्हटलं की ते यंत्र धाग्याऐवजी पाय ठेवण्याचा, तुडवण्याचा ‘ट्रेड’ टाइप करायचं. शेवटी वैतागून मी त्या बाईंना म्हटलं, माझ्या उच्चारात नक्की काय चुकतं ते सांगा. त्यांनी चांगुलपणाने दोन शब्द घेतले. एक व्हीने सुरू होणारा ‘व्हेरी’, म्हणजे बदलणे. दुसरा डब्ल्यूने सुरू होणारा ‘वेअरी’, म्हणजे सावध. तोंड वहीने झाकून त्या एकेक शब्द म्हणत गेल्या आणि मी कुठला ते सांगत गेले. दहापैकी पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

मग मी म्हटलं, आता माझी पाळी. मी तोंड झाकून म्हटलं, ‘ताट.’ मग म्हटलं, ‘टाट.’ त्या म्हणाल्या, तुम्ही तोच शब्द दोनदा म्हणालात. मी पुन्हा म्हटलं, अगदी ताणून. जेवायचं ताट, गोणपाटाचं टाट. त्यांना फरक ऐकू येईना. आपल्याकडे चार वर्षांचं पोर ज्यात चुकत नाही, त्यात पन्नाशीची, दोन पदव्या घेतलेली बाई पूर्ण बहिरी! आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे हसणं मात्र वेगळं होतं.

त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचायला लागले. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पण इंजिनीअरला बिघाड नक्की कुठे आहे हे शोधायची सवय असते. मी समजत होते, बिघाड जिभेत आहे. तो निघाला कानात. आणि खरं सांगायचं तर तो बिघाडही नाही.

निकोलाय त्रुबेत्स्कॉय नावाचे मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. १९३९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी म्हटलंय की आपली मातृभाषा म्हणजे एक चाळण असते आणि परकी भाषा आपण तिच्यातून गाळून ऐकतो. चाळणीची भोकं मातृभाषेच्या मापाची. जे बसेल ते खाली येतं, जे बसत नाही ते बसेल तसं दाबलं जातं.

ही चाळण तयार कधी होते? याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग आपल्या त आणि ट वर झालेला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या दोघांनी कॅनडात तो केला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ही क्षमता बरीचशी गेलेली होती. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आतच बाळाचा कान ठरवून टाकतो, आपल्या घरात कुठले फरक कामाचे आणि कुठले बिनकामाचे. बिनकामाचे तो सोडून देतो. याला मतिमंदपणा म्हणत नाहीत, हुशारी म्हणतात. सगळेच फरक लक्षात ठेवत बसलं तर बाळ भाषा शिकणार कधी?

तर मित्रांनो, १९९० साली वयाच्या दहाव्या वर्षी आपण पाचवीत बसलो, तेव्हा आपले कान नऊ वर्षांपूर्वीच पास होऊन बाहेर पडलेले होते. मराठीत पास झालेले.

आता ही मराठी चाळण इंग्रजी व्यंजनांचं काय करते, ते जरा करून बघू. सगळ्यांनी उजव्या हाताचा तळवा तोंडासमोर धरा. सरांनी पण, बाईंनी पण. आता म्हणा, ‘पान’. आता म्हणा, ‘फणस’, जुन्या पद्धतीने, ओठ मिटून. फ ला तळव्यावर हवा लागली. प ला लागली नाही, किंवा अगदी थोडी. आपल्याकडे या हवेने शब्द बदलतो. पळ वेगळं, फळ वेगळं.

इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा पी म्हणतो तेव्हा त्यात बऱ्यापैकी हवा असते. पण त्याच्या भाषेत हवेचा वेगळा फ नसल्यामुळे त्याला ती जाणवत नाही. आपल्याला मात्र पुस्तकाने सांगितलेलं असतं, पी म्हणजे प. म्हणून आपण बिनहवेचा कोरडा प म्हणतो. आणि त्याच्या कानाला हवा नसलेला प कधीकधी चक्क ब वाटतो. आपण म्हणतो ‘पॅक’, तो ऐकतो ‘बॅक’.

हे मोजलेलं आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतली सुरुवातीची व्यंजनं मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्यातला कंप सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच मोजायचं. इंग्रजीच्या पी, टी, के मध्ये हा वेळ साधारण ६० ते ८० मिलिसेकंद निघाला. एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले साठ-सत्तर. तेवढ्यावर नोकऱ्या अडतात! आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्या अकरा भाषांमध्ये आपली मराठी होती. इंग्रजीत जिथे प आणि ब असे दोनच खण, तिथे मराठी आणि हिंदीत प, फ, ब, भ असे चार.

दुसरं उदाहरण, माझं नावडतं. व्ही आणि डब्ल्यू. इंग्रजी व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि हवा घासत बाहेर येते, भुंग्यासारखी. डब्ल्यू म्हणताना दातांचा संबंधच नाही. ओठांचा चंबू होतो, शीळ घालताना होतो तसा. आपला व या दोघांच्या मधला. ओठ दातांजवळ जातो, पण घासत नाही. आपल्याकडे खण एकच, त्यामुळे दोघंही त्यातच जाऊन पडतात.

इथे आपली पेन्सिल आठवा. आपण व्हीसाठी ‘व्ह’ लिहितो आणि डब्ल्यूसाठी ‘व’. व्हॅन, वॉटर. दिसायला व्यवस्था चोख. पण ‘व्ह’ हा तर ‘नव्हे’ आणि ‘केव्हा’ मधला व्ह. त्यात हवा आहे, घासणं नाही. म्हणजे तोही इंग्रजी व्ही नाहीच. गंमत पुढे आहे. तुम्हा सगळ्यांच्या खिशात आहे ते ‘व्हॉट्सअ‍ॅप’ आपण ‘व्ह’ ने लिहितो, आणि ते सुरू होतं डब्ल्यूने! स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच दिसला म्हणून आपण व ला ह जोडला. ‘व्हाईट’चंही तेच. म्हणजे व्हॅन आणि व्हाईट आपल्या लेखी एका माळेचे मणी. आपण इंग्रजी कानांनी ऐकलंच नाही, डोळ्यांनी ऐकलं. वाचनमालेतल्या त्या पेन्सिलने आपले मार्क वाचवले आणि कान झाकले.

तिसरं उदाहरण झेडचं. हे माझ्या फार जवळचं आहे, कारण माझे वडील सायझिंगमध्ये मेहताजी होते. नव्या पिढीसाठी सांगते, मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, ते सायझिंग. भिवंडीत हा शब्द लहान मुलालासुद्धा माहीत असतो. आता नीट ऐका. आपण ‘साईझ’ म्हणतो तेव्हा शेवटचा झ बऱ्यापैकी इंग्रजी झेडसारखा असतो. पण ‘सायझिंग’ म्हटलं की तो झ बदलतो. का?

‘माझा’ म्हणा. आता ‘माझी’ म्हणा. झ एकच लिहिलाय, पण ऐकायला दोन आहेत. ‘माझा’ मधला झ दातांजवळचा, ‘माझी’ मधला टाळूचा. मराठीत च, ज, झ पुढे इ किंवा ए आला की ते टाळूकडे जातात. चांगला आणि चिंच. जोर आणि जीभ. झाड आणि झेंडा. हा नियम आपल्याला कुणी शिकवला नाही, तो कानात बसलेला आहे. म्हणून मराठी मूल ‘झू’ ठीक म्हणतं, पण ‘झेब्रा’ म्हणताना झेंड्यातला झ लावतं आणि ‘झिरो’ म्हणताना ‘माझी’तला. आवाज आपल्याकडे आहे, फक्त त्याला इ आणि ए च्या घरात जायची परवानगी नाही. आपल्या वर्गातल्या पद्मशाली समाजातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणींचंही असंच होतं, कारण तेलुगूतही च आणि ज साधारण असेच दोन प्रकारचे आहेत.

आमच्या गल्लीत मात्र एका घरात हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या खाला घरी बसून कांड्या भरायच्या आणि बोलायच्या सुरेख उर्दू. त्या ‘ज़िंदगी’ म्हणायच्या, ‘ज़ीरा’ म्हणायच्या. आईने जिरे आणायला पाठवलं की मी मुद्दाम त्यांना विचारायचे, ‘खाला, क्या चाहिए?’ आणि त्या हसून म्हणायच्या, ‘ज़ीरा!’ मला तो आवाज आवडायचा, एवढंच. इंजिनीअरिंगला गेल्यावर माझा ‘झिरो’ कुणाला खटकला नाही, तेव्हा मला वाटलं मी हुशार. आता कळतं, तो झिरो मला खालांच्या उंबऱ्यावर फुकट मिळाला होता. भिवंडीत इतक्या भाषा एका भिंतीला भिंत लावून राहतात. एका गल्लीत जो फरक ऐकू येत नाही, तो शेजारच्या गल्लीत रोज ऐकू येतो. आपण एकमेकांच्या कानांचा उपयोग करून घेतला नाही.

चौथं उदाहरण थ्रेडचं. इंग्रजी टीएच म्हणताना जिभेचं टोक दातांना हलकं लागतं आणि हवा घासत राहते. आपल्या थ मध्ये हवा आधी पूर्ण अडते, मग फुटते. आपल्या कानाला त्याने फार फरक पडत नाही, कारण आपण ‘थ्री’ आणि ‘ट्री’ वेगळे ठेवतो. आपला हिशेब चोख आहे. पण समोरच्याच्या चाळणीत आपला थ टी च्या भोकातून पडतो. म्हणजे इथे आपण चुकीचं ऐकत नाही, तो आपल्याला चुकीचं ऐकतो. आणि ते टाइप करणारं यंत्रही त्याच्यासारख्यांच्या आवाजांवर शिकलेलं असेल, तर तेही तसंच ऐकणार. यंत्रालाही मातृभाषा असते, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं आज नवीन कळलंय असं समजू नका. आपल्या पुण्याचे डॉ. अशोक केळकर यांनी १९५७ मध्येच ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर स्वतंत्र लेख लिहिला. तेव्हा आपले आईवडीलही शाळेत जायचे होते. ज्ञान होतं. फक्त पुण्याहून भिवंडीच्या पाचवीच्या वर्गापर्यंत पोचलं नव्हतं. यात बाईंचा दोष नाही. साठ मुलांच्या वर्गात, बाहेर मागांची खटखट चालू असताना, त्यांनी आपल्याला इंग्रजीत पास केलं हेच पुष्कळ. गोंगाटात परक्या भाषेतली व्यंजनं पकडणं अधिक अवघड जातं आणि भिवंडीत गोंगाटाची कमी कधीच नव्हती. त्यात जुना टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे सोडायचा. स आणि फ वेगळे ओळखू येतात ती बारीक सळसळ बरीचशी त्याच्या वरची. म्हणून तर फोनवर ‘एफ फॉर फादर, एस फॉर सिस्टर’ सांगावं लागायचं, इंग्रजांनासुद्धा.

आता मुख्य प्रश्न. कान एकदा पास होऊन बाहेर पडले की परत शाळेत बसतात का?

बसतात. जपानी माणसाला आर आणि एल मधला फरक ऐकू येत नाही, हे प्रसिद्धच आहे. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोठ्या वयाच्या जपानी लोकांना या दोन आवाजांच्या जोड्या ऐकवल्या. युक्ती अशी की आवाज एकाच माणसाचा नाही, वेगवेगळ्या माणसांचा. आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच सांगायचं, बरोबर की चूक. काही आठवड्यांत कान सुधारले. ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा नुसत्या ऐकण्याच्या सरावाने, बोलायला न शिकवता, लोकांचे उच्चारही सुधारले. आधी कान, मागून जीभ.

मी स्वतःसाठी फोनवर एक साधा प्रोग्राम लिहिला. व्ही आणि डब्ल्यूच्या जोड्या, सहा जणांच्या आवाजात. लोकलमध्ये बसून रोज पंधरा मिनिटं. पहिला आठवडा नाणं उडवल्यासारखाच गेला. तिसऱ्या आठवड्यात, बहुधा डोंबिवली गेल्यावर, एक शब्द ऐकला आणि मला अचानक तो भुंगा ऐकू आला. व्ही मधला. इतकी वर्षं तो तिथेच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.

माझे उच्चार आजही भिवंडीचेच आहेत, आणि ते तसेच राहणार. ते पुसायची मला गरज वाटत नाही. गैरसमज होऊ नये, एवढ्यापुरते मी चार-पाच आवाज सांभाळते. बाकी माझं इंग्रजी ऐकून कुणाला ठाणे जिल्हा ओळखू आला, तर येऊ दे.

आता परत तिसऱ्या रांगेकडे. ‘इलेज’ म्हणजे काय होतं? आगरीत विंचवाला ‘इंचू’ म्हणतात, वीस रुपयांना ‘ईस’. शब्दाच्या सुरुवातीला वि आला की व गळतो. नियम पक्का, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. ‘विलेज’ ऐकल्यावर त्याच्या कानाने आणि जिभेने तो नियम बिनचूक लावला. त्याने व्ही खाल्ला नव्हता. आणि त्याला हसणारी मी कोण? मला स्वतःला व्ही ऐकूच येत नव्हता. मी माझ्या शेजारच्या ‘व’ ला व्ही समजून बसले होते. वर्गात त्या दिवशी दोन बहिरे होते. एकाला शिक्षा झाली, दुसरीला शाबासकी मिळाली.

या भाषणासाठी परवानगी मागायला मी त्याला फोन केला. माफीही मागितली. तो म्हणाला, ‘अगं, तुझं हसणं मला आठवत पण नाही.’ मला बरं वाटलं. मग जरा थांबून म्हणाला, ‘पण इंग्रजी वाचायला परत उठायचं नाही, हे मी त्याच वर्षी ठरवलं होतं.’ आज राहनाळच्या बाजूला त्याची गोडाऊनं आहेत. दोनशे माणसं त्याच्याकडे कामाला आहेत. मुंबईहून मोठ्या कंपनीची माणसं बोलायला आली की तो भाच्याला पुढे करतो आणि स्वतः चहा सांगायला उठतो. इंग्रजी त्याला समजतं, सगळं समजतं. तो फक्त तोंड उघडत नाही.

हसण्याने कान सुधारत नाही, हे मी तुम्हाला आकडे देऊन सांगितलं. हसण्याने काय होतं, ते हा चहा सांगायला उठणारा माणूस सांगतो.

म्हणून एक छोटी सूचना करते आणि बसते. शाळेला आपण यंदा काय द्यायचं याची चर्चा चालली आहे. पंखे, पाण्याची टाकी, सगळं द्याच. त्याबरोबर आपले आवाज देऊ. आपल्या तुकडीतलं कुणी नागपूरला आहे, कुणी बंगळूरला, कुणी परदेशात. ज्यांच्या कार्यालयात, शेजारात इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं आहेत, त्यांनी त्यांच्याकडून पन्नास जोड्या फोनवर रेकॉर्ड करून आणाव्यात. व्हीच्या, डब्ल्यूच्या, झेडच्या, टीएचच्या. बाईमाणसाचा आवाज, पुरुषाचा, म्हाताऱ्याचा, पोराचा. जितके वेगळे तितकं चांगलं. मी माझा प्रोग्राम शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत बसवून देते. पाचवीतल्या मुलांनी रोज दहा मिनिटं कानाला लावून ऐकायचं. चुकलं तर यंत्र सांगेल, चूक. यंत्र हसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

आणि त्यात एक उलटा खेळही ठेवू. आपली मुलं त आणि ट, ल आणि ळ, न आणि ण यांच्या जोड्या रेकॉर्ड करतील आणि आपण त्या परदेशातल्या लोकांना पाठवू. ते ओळखताना कसे चुकतात, हे मुलांना ऐकू दे. साहेबालाही सगळं ऐकू येत नाही, हे दहाव्या वर्षी कळलं, तर कुणी वाचायला उठायचं थांबणार नाही.

पहिल्या रेकॉर्डिंगसाठी मी एकाला विचारलंय. ‘ताट’ आणि ‘टाट’ तो म्हणणार आहे. आणि शेवटी, स्वतःहून, ‘व्हिलेज’ पण म्हणतो म्हणालाय. कसंही म्हणू दे. मी ऐकायला पहिल्या बाकावर बसणार आहे.